गिरगावातील पायी फेरी : धोबीतलावापासून चौपाटीपर्यंत

मुंबईस जाऊन आलेल्या मनुष्यास त्याने काय काय पाहिले असे विचारावे, म्हणजे उत्तर बहुधा ठरलेले असते. गेटवे, राणीचा बाग, समुद्र आणि वांद्र्याची माता. ८ सप्टेंबरनंतरच्या रविवारी माऊंट मेरीची जत्रा सुरू होते, तेव्हा तर खेड्यापाड्यांतून कुटुंबेच्या कुटुंबे लोटतात. मेणबत्त्या वाहतात, गर्दीत धक्के खातात, आणि पोराबाळांस एखादे खेळणे घेऊन परत फिरतात. ह्यात गैर काही नाही. परंतु बोरीबंदर आणि वांद्रे ह्यांच्या दरम्यान एक जुनी वस्ती पसरली आहे. तिच्या एका बाजूने आगगाडीने प्रवासी रोज लाखांनी जातात, पण उतरून पाहणारे थोडे. ती वस्ती म्हणजे गिरगाव. मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती वाचकास तर ह्या वस्तीत दुहेरी नात्याने पाहण्याजोगे पुष्कळ आहे; आणि ते पायीच पाहावयाचे असल्याने खर्चही बेताचा.

मुधोळ, भैंसा, बासर ह्या बाजूच्या मंडळींस (आपले मुधोळ, श्वानांसाठी प्रसिद्ध असलेले कर्नाटकातील नव्हे) मुंबई वाटते तितकी दूर नाही. बासरच्या स्थानकावर देवगिरी एक्स्प्रेसमध्ये बसावे, नांदेड, औरंगाबाद मागे टाकीत रात्र काढावी, आणि सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला, म्हणजे आपल्या जुन्या बोरीबंदरला, उतरावे. आपला मुलूख १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नांदेड जिल्ह्यातून निघून आदिलाबादेत गेला, आणि २०१६ पासून निर्मळ जिल्ह्यात मोडतो. जिल्हा बदलला, राज्यही बदलले, पण चुलीपुढची भाषा मराठीच राहिली. गिरगावातील ख्रिस्ती लोकांची कथा ह्याहून फारशी निराळी नाही, हे पुढे दिसेलच.

स्थानकातून बाहेर पडून मेट्रो सिनेमाच्या दिशेने चालू लागले, की दहा-पंधरा मिनिटांत धोबीतलाव येतो. नावातील तलाव केव्हाच बुजविला गेला. आता तेथे केवळ रस्त्यांचा गुंता आहे. वाटेत, उजव्या-डाव्या गल्ल्यांकडे लक्ष न देता, प्रथम सेंट झेवियर्स कॉलेजची दगडी वास्तू बाहेरून तरी पाहून घ्यावी. जर्मन जेझुइट धर्मगुरूंनी हे कॉलेज १८६९ साली काढले. फादर हेन्री हेरास ह्या स्पॅनिश जेझुइटाने १९२६ मध्ये येथेच भारतीय इतिहासाच्या संशोधनाची संस्था उभी केली, आणि ती आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते. परदेशातून आलेला एक धर्मगुरू सिंधुसंस्कृतीच्या मुद्रांवरील लिपी उलगडण्यात आयुष्याची वर्षेच्या वर्षे घालवितो, ही गोष्ट आपल्या कॉलेजातल्या मुलांस आवर्जून सांगावी.

न्याहारीस धोबीतलावावर 'कयानी'सारखे ठिकाण नाही. १९०४ पासून चालत आलेले हे इराणी दुकान. लाकडी खुर्च्या, उंच छत, काचेच्या बरण्या. ब्रून म्हणजे कडक कवचाचा पाव. त्यास लोणी फासलेले असते, आणि तो चहात बुडवूनच खावयाचा असतो, नाही तर दात व टाळू दोन्हींची परीक्षा होते. ज्यांस सकाळीच भरपूर लागते त्यांनी खिमा-पाव घ्यावा. मुलांस मावा केक. इराणी हॉटेलात फार वेळ बसले तरी कोणी उठवीत नाही अशी पूर्वापार ख्याती होती. आता मात्र गर्दीच्या वेळी मागे उभा असलेला गिऱ्हाईक डोळ्यांनीच आपणास उठवितो.

हे दुकान ज्या इमारतीत आहे ती जेर महाल. हिच्या वरच्या मजल्यांवर गोव्याच्या गावांचे 'कूड' आहेत. कूड म्हणजे गोव्यातील एकेका गावाने आपल्या माणसांकरिता मुंबईत घेतलेली खोली वा खोल्या. बोटीवर नोकरी करणारा खलाशी, स्वयंपाकी, वाजंत्री मुंबईस आला, की बोट मिळेपर्यंत नाममात्र भाड्यात तेथे राही. भिंतीशी एकावर एक रचलेल्या पत्र्याच्या ट्रंका, दोऱ्यांवर कपडे, आणि एका बाजूस गावच्या पालक संताची वेदी. सायंकाळी सर्वांनी मिळून जपमाळ म्हणण्याचा नियम असे आणि तो चुकविणाऱ्याची गय नसे. बायकांस मात्र तेथे राहण्याची मुभा नव्हती. असे कूड एके काळी मुंबईत शेकड्यांनी होते. आता बोटीवरील भरती वेगळ्या रीतीने होते, विमानाने ये-जा होते, आणि पुष्कळ खोल्या रिकाम्या असतात. परक्या शहरात गेलेल्या पोराला गावानेच छप्पर द्यावे, ही कल्पना आमच्या मते कोणत्याही समाजसेवेच्या पुस्तकात सापडणार नाही इतकी व्यवहारी होती. आपल्याकडून हैदराबादेस व मुंबईस कामाला जाणारी पोरे कोठे, कोणाच्या आधाराने राहतात, हे आठवून जेर महालाच्या जिन्याकडे एकदा अवश्य पाहावे. वर जावयाचे तर मात्र परवानगी विचारून. ती लोकांची राहण्याची जागा आहे.

येथूनच जगन्नाथ शंकरशेट रस्ता सुरू होतो आणि सरळ गिरगावात जातो. नाना शंकरशेट (१८०३–१८६५) हे ह्याच भागातील गृहस्थ. १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबईहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली, ती काढणाऱ्या कंपनीच्या संचालकांत नाना होते. रस्त्याच्या आरंभी सोनापूर लागते. हे नाव स्मशानाचे. मेलेल्याचे सोने होते, म्हणून सोनापूर, असे लोक सांगतात. येथे दुःखी मातेचे देऊळ आहे. (मुंबई-वसईकडील आपली ख्रिस्ती माणसे चर्चला 'देऊळ'च म्हणतात, म्हणून तोच शब्द येथे ठेवला आहे.) पुढे चंदनवाडीशी पारशांचे अंजुमन आतशबेहराम, १८९७ मधले. आत परधर्मीयांस प्रवेश नाही. बाहेरून पाहावे आणि पुढे चालावे. मग चिराबाजार. मासळीबाजारातील कोळणींचा आवाज कानी पडला, की काव्हेलच्या जुन्या ख्रिस्ती वस्तीजवळ आपण आलो असे समजावे. काव्हेल हे मूळचे गाव होते. मुंबई बेटावर पोर्तुगिजांचा अंमल १५३४ पासून आला आणि १६६१ च्या विवाहकरारात हे बेट इंग्रजांस आंदण मिळाले. तेवढ्या काळात ज्या कोळी, भंडारी, कुणबी कुटुंबांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, त्यांचे वंशज ह्या गल्ल्यांतून पिढ्यान् पिढ्या राहिले. घरात मराठी, मिस्सेत पूर्वी लॅटिन, कचेरीत इंग्रजी.

ह्याच लोकांनी १८८७ मध्ये स्वतःस 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतले. मुंबई तर पश्चिमेस. मग पूर्व कोठून आली, असा प्रश्न कोणासही पडेल. गोव्याहून व मंगळूरहून आलेले ख्रिस्ती लोक त्या वेळी नोकऱ्यांकरिता मुंबईत येऊ लागले होते. त्यांची व आपली नावे सारखीच, परेरा, डिसोजा, फर्नांडिस. तेव्हा आम्ही येथले मूळचे, हे सरकारास कळावे कसे? म्हणून व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणास पन्नास वर्षे झाली त्या साली, जुन्या ईस्ट इंडिया कंपनीशी असलेला संबंध दाखविणारे हे नाव उचलले गेले. आडनाव पोर्तुगीज, जातीचे नाव इंग्रजी, आणि लग्नात 'उंबराचे पाणी' आणावयास वाजतगाजत विहिरीवर जाणारी ही मंडळी! नावावरून मनुष्य ओळखू जाऊ नये, हे गिरगावात जितके पटते तितके इतरत्र क्वचित.

ठाकूरद्वारास पोचेपर्यंत पुन्हा भूक लागलेली असते, आणि ती लागावी अशीच योजना आहे. नाक्याजवळ 'विनय हेल्थ होम' आहे. नाव इस्पितळासारखे असले तरी हे उपाहारगृह आहे आणि त्याची मिसळ गावोगाव गाजलेली आहे. पुण्या-कोल्हापूरची मिसळ खाऊन जीभ भाजलेल्यांस ही सौम्य वाटेल. मटकीची उसळ, वर फरसाण, कांदा, आणि मागून वाढलेला रस्सा. सोबत थालीपीठ वा साबूदाणा वडा घ्यावा. ह्याच रस्त्यावर पणशीकरांचे दुकान आहे; तेथे पियूष प्यावे. श्रीखंड ताकात घोळून, जायफळ व केशर घालून जो पातळ, गोड-आंबट प्रकार होतो, तो पियूष. आपल्याकडील पुष्कळांनी तो चाखलाही नसेल. उपवासकाळातील शुक्रवारी मुंबईत असाल तर ह्या भागासारखी सोय दुसरीकडे नाही; मांस वर्ज्य करून इतके चांगले जेवणे म्हणजे प्रायश्चित्त झाले की चैन झाली, ह्याचा निवाडा ज्याने त्याने करावा.

खाडिलकर रस्त्यावरील केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ मध्ये मुंबईतील पहिला सार्वजनिक गणेशोत्सव झाला. लोकमान्य टिळक १९०१ मध्ये येथे येऊन गेले. आजही तेथे उत्सव होतो, आणि इतर ठिकाणच्या उंचच उंच मूर्तींच्या चढाओढीत ह्या चाळीने मूर्ती लहानच ठेविली आहे. चाळ म्हणजे काय, हे खेड्यातील वाचकांस कदाचित सांगावे लागेल. एका लांब सज्जावर ओळीने खोल्या, एका खोलीत एक कुटुंब, नळ व शौचकूप सामाईक. कोकणातून गिरणीत, छापखान्यात, कचेरीत कामास आलेल्या माणसाने ह्याच सज्जात संसार केला. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने चाळींची भाडी जवळजवळ गोठली. भाडेकरू सुखावला, पण दहा-वीस रुपये भाड्यात मालक छप्पर तरी कसे शाकारणार? इमारती खंगत गेल्या. आता एकामागून एक पाडल्या जाऊन तेथे मनोरे उठत आहेत. त्यात आणखी भुयारी मेट्रो आली. गिरगाव आणि काळबादेवी येथील स्थानकांसाठी रस्त्यालगतच्या जुन्या इमारती पाडाव्या लागल्या, कित्येक कुटुंबांस वर्षानुवर्षे दुसरीकडे राहावे लागले. ऑक्टोबर २०२५ मध्ये ती मेट्रो ह्या भागात धावू लागली. जमिनीखालून प्रवास सुखाचा खरा. परंतु ज्यांची घरे गेली त्यांचा हिशेब निराळा असतो.

आता खोताची वाडी. सगळी फेरी ज्यासाठी करावयाची ते ठिकाण हेच.

गिरगावच्या सेंट तेरेझाच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर एक अरुंद बोळ आत शिरतो. बाहेर बस, टॅक्सी, भोंगे. पन्नास पावले आत गेले की आवाज मावळतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस दादोबा वामन खोत नावाच्या पाठारे प्रभू गृहस्थाची ही जमीन. खोत म्हणजे सरकारचा सारा वसूल करून भरणारा. त्यांनी जमिनीचे तुकडे पाडून ख्रिस्ती कुटुंबांस घरे बांधावयास दिले. त्या ख्रिस्ती घरांवर आजही नाव आहे ते एका हिंदू खोताचे, आणि ते बदलावे असे तेथे कोणास वाटल्याचे ऐकिवात नाही.

घरे दुमजली, लाकडी, मंगळुरी कौलांची. पुढे ओसरी, ओसरीला नक्षीचे लाकडी कठडे. माडीवर जाण्याचा जिना घराच्या आत नसून बाहेर, भिंतीलगत. भिंती पिवळ्या, निळ्या, गर्द तांबड्या. खिडक्यांच्या वर पावसाचे पाणी आत येऊ नये म्हणून पुढे आलेल्या पाख्या, त्यांच्या कडेला लाकडाची झालर. ओसरीचा उपयोग केवळ शोभेचा नव्हे. समुद्राकडून येणारा वारा ह्या उघड्या ओसरीतून घरात खेळतो, आणि उन्हाची तिरीप भिंतीपर्यंत पोचत नाही. मुंबईच्या दमट हवेत विजेच्या पंख्यापूर्वी माणसे कशी जगली, ह्याचे उत्तर ह्या बांधणीत आहे. आपल्या वाड्यांतील सोप्यावर बसणाऱ्यास ती ओळखीचीच वाटेल. वाडीत एक लहानसे प्रार्थनास्थान आणि क्रूसही आहे. मुंबईच्या जुन्या वस्त्यांत असे रस्त्याकडेचे क्रूस जागोजाग दिसतात. १८९६ च्या प्लेगातून वाचल्याची कृतज्ञता म्हणून त्यांतील कित्येक उभारले गेले, असे तेथील लोक सांगतात. नाताळात वाडी कागदी ताऱ्यांनी व गव्हाणींनी भरून जाते. ते पाहण्यास सर्व धर्मांचे लोक येतात.

एके काळी येथे ६५ घरे होती असे सांगतात. आज तीसदेखील उरली नाहीत. त्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या उंच इमारतींची सावली उरलेल्या ओसऱ्यांवर पडते. ह्यात कोणास दोष द्यावा हे वाटते तितके सोपे नाही. सागवानी घराची दुरुस्ती हे हत्ती पोसण्याचे काम. तसे सुतार आता दुर्मिळ. घराचे वारस पाच-सात, त्यांतले निम्मे कॅनडा-ऑस्ट्रेलियात. बांधकामवाला दारात येऊन जी रक्कम सांगतो ती ऐकून आजारी म्हाताऱ्या आईची शुश्रूषा करणाऱ्या मुलाने 'नाही' म्हणावे, असे आपण पाहुणे म्हणून सहज म्हणतो. पाहणाऱ्यास जुनेपणाचे कौतुक असते, आणि राहणाऱ्यास गळक्या कौलाखाली बादली ठेवावी लागते. तरीही आम्हांस वाटते की, उरलेली घरे राखण्याचा भार केवळ त्या घरच्यांवर टाकून शहराने नामानिराळे राहू नये. जपानात टोकियो शहरी यानाका नावाची जुनी वस्ती आहे. १९२३ च्या भूकंपातून व १९४५ च्या बॉम्बवर्षावातून ती बव्हंशी बचावली. तेथील देवळे, लाकडी घरे, लहान दुकाने पाहावयास, आणि वाटेत तळलेले खाद्यपदार्थ खावयास लोक मुद्दाम पायी हिंडतात. त्या हिंडण्यातून दुकानदारांचे पोट चालते. पाहुण्याच्या पैशाने घर वाचू शकते, पण त्यास काहीतरी विकत घेण्याची सोय हवी. खोताच्या वाडीत ती सोय तुटपुंजी आहे. वाडीतील 'अनंताश्रम' ही गोमंतकी पद्धतीच्या मासळीच्या जेवणाची खाणावळ मुंबईभर नावाजलेली होती. ती बंद पडली. तळलेल्या बटाट्याच्या पातळ चकत्या विकणारे 'आयडियल वेफर' मात्र येथलेच. एक पुडी घरच्या मुलांकरिता घ्यावी.

ईस्ट इंडियन घरातले खरे जेवण हॉटेलात मिळत नाही, ही ह्या फेरीतील उणीव मान्य केली पाहिजे. ते ओळखीनेच मिळावयाचे. त्याचा आत्मा म्हणजे 'बाटली मसाला'. एप्रिल-मे महिन्यांत मिरच्या, धणे, हळद, तीळ, खसखस व आणखी कितीतरी जिन्नस उन्हात वाळवून, निरनिराळे भाजून, कांडणाऱ्या बायांकडून कुटून घेतात, आणि बियरच्या काळ्या-तपकिरी बाटल्यांत ठासून भरतात. रंगीत काचेमुळे उजेड लागत नाही, ठासल्यामुळे हवा राहत नाही; वर्षभर मसाल्याचा वास जात नाही. प्रमाण ज्या त्या घरचे, आणि ते सुनेस सांगितले जाईल पण शेजारणीस नाही. ह्या मसाल्यात मासळी शिजते, मटणही शिजते. लग्नात डुकराच्या मांसाचे आंबट सारपातेल, आणि त्यासोबत फुग्या, म्हणजे आंबविलेल्या पिठाचे तळलेले पोकळ गोळे. बाटली मसाला वांद्र्याच्या जत्रेत वा ईस्ट इंडियन बायांच्या विक्रीकेंद्रांत मिळतो. आपल्याकडील येसर व काळ्या मसाल्याशी त्याची तुलना आमच्या वाचक भगिनींनी स्वतःच करून पाहावी.

वाडीत हिंडताना एक पथ्य पाळावे. ओसरीवर बसलेल्यांची छायाचित्रे न विचारता घेऊ नयेत, दारातून आत डोकावू नये. आपल्या अंगणात कोणी अनोळखी मनुष्य येऊन असे करू लागला, तर आपण काय करू?

पुढील वाट लवकर आटोपते. प्रार्थना समाजाचे मंदिर. समाजाची स्थापना १८६७ ची. गिरगावातल्याच कोरोनेशन चित्रगृहात ३ मे १९१३ रोजी फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला, आणि मॅजेस्टिकमध्ये १४ मार्च १९३१ रोजी पहिला बोलपट 'आलम आरा'. दोन्ही चित्रगृहे आता नाहीत. १९११ सालचे रॉयल ऑपेरा हाऊस मात्र तेवीस वर्षे कुलूपबंद राहून २०१६ मध्ये पुन्हा उघडले. तिसरा प्रहर झाला असेल तर बोरकरांच्या गाडीवरचा वडापाव विचारीत जावे. तो सायंकाळीच मिळतो, आणि रांग लावावी लागते.

चौपाटीवर उतरताना डाव्या-उजव्या बाजूस पाहिले तर विल्सन कॉलेजची १८८९ मधील इमारत दिसते. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन ह्यांनी १८३२ मध्ये काढलेल्या शाळेतून हे कॉलेज वाढले. वाळूत लोकमान्यांचा पुतळा उभा आहे. १ ऑगस्ट १९२० रोजी ते वारले, आणि त्यांचे दहन ह्याच चौपाटीवर झाले. सूर्यास्ताच्या सुमारास येथे भेळ खाण्याचा परिपाठ आहे. भेळेस काय, सर्वत्र सारखीच. आम्ही सुचवू ती कुल्फी. रस्त्यापलीकडे 'न्यू कुल्फी सेंटर' १९६५ पासून आहे. आटीव दुधाची घट्ट कुल्फी तेथे नगावर न विकता तराजूत घालून वजनावर देतात, सुरीने तुकडे करून, पानावर. मलई, केशर, पिस्ता, आंबा, हंगामात सीताफळ. चार माणसांनी चार निरनिराळ्या घ्याव्यात आणि वाटून खाव्यात. फार वेळ मात्र बोलत बसू नये, कारण समुद्राचा वारा कितीही गार असला तरी कुल्फी वितळण्याची थांबत नाही.